चाळा हाताचा, आरोप स्वभावावर

बोर्डाच्या पेपरला सुपरव्हिजन करताना शिक्षकाला वाचता येत नाही, बोलता येत नाही, मोबाईल तर आधीच जमा केलेला असतो. ब्लॉकमधल्या पंचवीस मुलांकडे तीन तास बघत राहायचं, एवढंच काम. वीसेक वर्षं मी ते करते आहे.

पेपर हातात पडल्यावर पहिली पाच-सात मिनिटं सगळा वर्ग स्तब्ध असतो. मग एकेकाचं सुरू होतं. खिडकीजवळच्या मुलाचा उजवा गुडघा शिवणयंत्र चालवावं तसा हलायला लागतो. त्याच्या मागची मुलगी कानामागची बट बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. कुणी पेनचं टोपण चावून चपटं करतं. एक जण अंगठ्याच्या नखाकडेचं सालपट दातांनी ओढतो, बारीकसं रक्त येतं, ते पँटला पुसतो आणि दुसऱ्या अंगठ्याकडे वळतो. एवढं सगळं होताना त्याचे डोळे प्रश्नपत्रिकेवरून हललेले नसतात.

सुरुवातीला मला वाटायचं, ही सगळी पेपरची भीती. पण वर्षानुवर्षं बघितल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. भराभर लिहीत सुटलेल्या मुलांचे हातपाय शांत असतात. अडकलेल्यांची चुळबुळ सुरू होते. आणि ज्यांचा पेपर अर्धा तास आधीच लिहून झालेला असतो पण जागेवरून उठता येत नाही, ती मुलं सगळ्यांत जास्त चाळे करतात. त्यांना आता भीती कसली? त्यांचा तर पेपर झालेला असतो.

हे डोळ्यांनी बघूनही स्टाफरूममध्ये आल्यावर आम्ही बोलायचो ते भलतंच. 'नखं खातो ना, आत्मविश्वासच नाही त्याला.' 'सारखी पाय हलवते, एका जागी टिकायची नाही ही.' यातली वाक्यं मीही बोलले आहे. नववीतल्या एका मुलीच्या आईला तर मी पालकसभेत स्पष्टच सांगितलं होतं, 'हुशार आहे, पण घाबरट आहे. नखं बघा कशी केलीत.' त्या मुलीची दहाही नखं मांसापर्यंत खाल्लेली होती. करंगळीला एकदा नखुरडं होऊन बोट टरारून सुजलं होतं. आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, 'मॅडम, घाबरट नाही हो ती. रात्री एकटी विहिरीवरची मोटर बंद करून येते. नखं खाते ती सुट्टीत. काही करायला नसलं की.'

त्या वाक्यानं मी वाचायला लागले. नखं खाणं, केस ओढणं, पाय हलवणं, बोटं मोडणं, ओठांची सालं काढणं या गोष्टींवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो का, हा प्रश्न किती जुना आहे आणि त्याचं उत्तर किती वेळा चुकलं आहे, हे तेव्हा कळलं.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत आणि ते एक नाहीत. एक चाळा, एक खोड. 'हाताला काहीतरी चाळा हवा' असं आपण म्हणतो, म्हणजे चाळा हाताचा असतो. शेंगा सोलायला दिल्या की तो थांबतो. खोड मात्र माणसाची असते. खोड मोडावी लागते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आपण म्हणतो. गडबड अशी की आपल्याला दिसतो तो चाळा आणि आपण बोलतो ते खोडीबद्दल. 'बसल्या जागी पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते' हे बहुतेक घरांत ऐकू येतं. एखाद्याचा पाय हलतो यावरून त्याच्या नशिबाचा, संसाराचा आणि पैशाचा निकाल लागून जातो.

चाळे मोजण्याची पहिली नोंद बहुधा फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाची. १८८५ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात त्यानं चुळबुळीच्या मोजमापावर एक छोटं टिपण लिहिलं. तो एका सभेला गेला होता. सभागृह भरलेलं, भाषण कंटाळवाणं आणि त्याला नीट ऐकूही येत नव्हतं. व्यासपीठावर मागच्या बाजूला बसून तो समोरच्या श्रोत्यांची हालचाल मोजू लागला. घड्याळ काढलं तर लोकांच्या लक्षात येईल, म्हणून वेळ मोजायला त्यानं स्वतःचे श्वास वापरले, मिनिटाला पंधरा. सुमारे ५० माणसांच्या एका गटात मिनिटाला सरासरी ४५ चाळे त्याला दिसले. म्हणजे माणशी मिनिटाला साधारण एक. भाषण रंगलं की हा आकडा निम्म्याहूनही खाली येई. मुलांवर हा प्रयोग करू नये, ती क्वचितच स्थिर असतात, असंही त्यानं लिहून ठेवलं आहे.

व्यासपीठावर मागे बसून श्रोत्यांना न्याहाळणाऱ्या त्या माणसाशी मला सुपरव्हायझर म्हणून जवळीक वाटते, पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. माणसांची प्रतवारी लावण्याचा त्याला ध्यास होता. 'युजेनिक्स', म्हणजे निवडक माणसांचीच पैदास वाढवून वंश 'सुधारण्याचा' विचार, हा शब्द १८८३ साली त्यानंच बनवला आणि त्या विचारानं पुढे जगात फार मोठं नुकसान केलं. अशा माणसानंसुद्धा या टिपणात चुळबुळ्या माणूस आणि शांत माणूस अशी विभागणी केली नाही. त्यानं सभा मोजली. तीच माणसं, त्याच खुर्च्या; भाषण बदललं की चाळे बदलले.

यानंतरची वाट मात्र वेगळीकडे गेली. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्या विचारानुसार तान्हेपणी तोंडावाटे मिळणाऱ्या सुखात जो अडकून राहतो, त्याच्या मोठेपणीच्या वागण्यात ते उमटतं. नखं खाणारा माणूस आयताच या चौकटीत बसवला गेला. ही कल्पना लोकांच्या तोंडी रुळली. पुराव्यानं ती कधी भक्कम झाली नाही.

त्याहून मोठी आणि शिकण्यासारखी गोष्ट अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोची आहे. तिथे मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन हे दोन हृदयरोगतज्ज्ञ एकत्र दवाखाना चालवत. फ्रीडमन पुढे सांगत असे ती आठवण अशी. १९५०च्या दशकात त्यांनी प्रतीक्षाकक्षातल्या खुर्च्यांची कव्हरं बदलायला एका कारागिराला बोलावलं. त्यानं खुर्च्या बघितल्या आणि चकित झाला. खुर्ची झिजते ती पाठीकडे आणि बैठकीच्या मध्यावर. इथल्या खुर्च्या बैठकीच्या पुढच्या कडेला आणि हातांच्या टोकांशी फाटल्या होत्या. म्हणजे इथे येणारे रुग्ण टेकून बसतच नव्हते. कडेवर बसून, हात घट्ट धरून, आता उठायचं या बेतात ते थांबलेले असत. डॉक्टरांनी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही. काही वर्षांनी संशोधन करताना ती आठवण जागी झाली.

१९५९ साली दोघांनी एक अभ्यास छापला. सतत घाईत, स्पर्धेत, वेळेच्या मागे धावणारे ८३ पुरुष आणि निवांत वृत्तीचे ८३ पुरुष अशी त्यात तुलना होती. पहिल्या गटाला पुढे 'टाइप ए' म्हणू लागले, दुसऱ्याला 'टाइप बी'. पहिल्या गटात हृदयरोग कितीतरी जास्त आढळला. १९६० पासून कॅलिफोर्नियातल्या ३,१५४ मध्यमवयीन पुरुषांवर साडेआठ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, तेव्हाही टाइप ए माणसांना धोका सुमारे दुप्पट निघाला. माणूस टाइप ए आहे हे ठरवायचं कसं? मुलाखत घेऊन. आणि त्या मुलाखतीत तो काय उत्तर देतो यापेक्षा कसं देतो याला जास्त वजन होतं. भराभर बोलतो का, समोरच्याचं वाक्य तोडतो का, मूठ आवळतो का, जबडा ताणतो का. थोडक्यात, चाळ्यांवरून स्वभाव आणि स्वभावावरून हृदयाचं भविष्य, अशी सरळ शिडी लावली गेली होती. 'तो टाइप ए आहे' हे बोलणं ऑफिसाऑफिसांत पोचलं.

मग शिडी डगमगू लागली. १९८०च्या दशकात दुसऱ्या मोठ्या अभ्यासात टाइप ए आणि हृदयविकार यांचा संबंध सापडला नाही. १९८८ साली तर पहिल्याच अभ्यासातल्या माणसांचा पुढचा हिशेब बघितला, तेव्हा हृदयविकार झालेल्यांपैकी टाइप ए माणसं टाइप बीपेक्षा कमी प्रमाणात दगावली होती. इतरांनी बारकाईनं बघितल्यावर त्या सगळ्या गुणांच्या गठ्ठ्यातून संताप आणि वैरभाव एवढाच भाग थोडाफार टिकला. आणि २०१२ साली सिगारेट कंपन्यांच्या जुन्या कागदपत्रांवरून पुढे आलं की टाइप एवरच्या संशोधनाला त्या उद्योगाचा पैसा बरीच वर्षं मिळत होता. कारण उघड आहे. हृदयविकाराचा दोष माणसाच्या स्वभावावर गेला, तर सिगारेटवरचा कमी होतो.

ही गोष्ट मी लांबवून सांगितली, कारण खुर्च्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. खुर्च्या खरंच पुढे झिजल्या होत्या. पण हृदयरोगतज्ज्ञाच्या दारात, रिपोर्टची वाट बघत, टेकून कोण बसतं? खुर्चीच्या झिजेत त्या जागेचा केवढा वाटा आहे हे आधी बघायला हवं होतं.

'टाइप' या शब्दातच एक अडचण आहे. प्रार्थनेला आम्ही मुलं उंचीप्रमाणे उभी करतो. रांगेच्या एका टोकाला बुटकं मूल, दुसऱ्या टोकाला उंच. पण उंच मुलं नेमकी कुठून सुरू होतात, हे त्या रांगेत बोट ठेवून दाखवता येत नाही, कारण मध्ये कुठे फटच नसते आणि बरीचशी मुलं मधल्या उंचीची असतात. स्वभावाचंही तसंच आहे. म्हणून आजचे मानसशास्त्रज्ञ सहसा प्रकार न म्हणता पाच मोठे कल मोजतात: नव्या अनुभवांची ओढ, चोखपणा, बहिर्मुखपणा, सौजन्य, आणि मन चटकन विचलित होण्याची प्रवृत्ती. प्रत्येक माणसात पाचही असतात, कमी-अधिक. याउलट सोळा प्रकारांची जी चाचणी नोकरीच्या आणि करिअर मार्गदर्शनाच्या जगात फार चालते, ती मायर्स-ब्रिग्ज, कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाच्या कल्पनांवरून तयार केली. ती रांगेत मधोमध रेघ मारते आणि अलीकडचे अंतर्मुख, पलीकडचे बहिर्मुख असं ठरवते. रेघेच्या जवळ उभा असलेला माणूस महिन्याभरानं पुन्हा चाचणीला बसला तर सहज पलीकडे जातो.

तरी आपल्याला असे प्रकार पटतात. बर्ट्राम फोरर या प्राध्यापकानं १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना 'हे खास तुझं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकेक उतारा दिला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. उतारा सगळ्यांना एकच होता, आणि त्यातली वाक्यं बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. 'तुम्ही केसांशी खेळता, म्हणजे तुम्ही हळव्या मनाच्या' असं वाचून मान डोलावणारी व्यक्ती याहून वेगळं काही करत नसते.

मग स्वभावाचा आणि चाळ्यांचा काहीच संबंध नाही? आहे. बारीक आहे, पण आहे, आणि तो कसला आहे हे कळलं तेव्हा मला ती नववीतली मुलगी आठवली.

कॅनडातल्या माँट्रियल इथे कीरॉन ओ'कॉनर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकूण ४८ माणसं. निम्म्यांना नखं खाणं, केस उपटणं, त्वचा खरवडणं यांपैकी काहीतरी सवय होती, निम्म्यांना नव्हती. प्रत्येकाला चार परिस्थितींतून नेलं. ताणासाठी विमान अपघाताचं चित्रण दाखवलं. आरामासाठी समुद्राच्या लाटा. वैतागासाठी एक कोडं दिलं आणि सांगितलं की सोपं आहे, पटकन सुटेल. प्रत्यक्षात ते चांगलंच अवघड होतं. आणि कंटाळ्यासाठी खोलीत नुसतं एकटं बसवून ठेवलं. सवय असलेल्यांना चाळा करण्याची ऊर्मी लाटा बघताना कमी होती, आणि वैतागात व कंटाळ्यात तिच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त.

पेपर संपवून बसलेली मुलं आणि अडकून पडलेली मुलं. माझ्या ब्लॉकमध्ये मी जे दोन गट बघत होते, तेच.

ओ'कॉनर यांच्या म्हणण्यानुसार अशा सवयी असणाऱ्यांमध्ये एका विशिष्ट प्रकारचा चोखंदळपणा जास्त आढळतो. आपल्याला चोखंदळ म्हटलं की उत्कृष्ट काम करणारा माणूस आठवतो. इथे तो अर्थ नाही. ही माणसं कामाचं नियोजन गरजेपेक्षा जास्त करतात, अंगावर जास्त घेतात, ठरवल्या वेगानं झालं नाही की आतून चिडतात आणि रिकामं बसणं त्यांना सहन होत नाही. त्या मुलीची वही मी कितीदा तपासली होती. एक अक्षर खोडावं लागलं तर ती अख्खं पान फाडून पुन्हा लिहायची. आकृत्यांच्या रेघा एकसारख्या. तिच्या वहीत भीती कुठेच नव्हती, आणि मी मात्र नखं बघून ती भित्री ठरवली होती.

नुसता चाळा वेगळा आणि त्याचा विकार झालेला वेगळा. केस उपटण्याच्या विकाराला एका फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं १८८९ सालीच नाव दिलं, ट्रायकोटिलोमेनिया. या टोकाच्या माणसांमध्ये मन चटकन विचलित होण्याचा कल सरासरीनं थोडा जास्त सापडतो. पण इथेही डॉक्टर दोन तऱ्हा सांगतात. काही जण टीव्ही बघताना, अभ्यास करताना नकळत ओढतात. काही जण मनातला ताण सहन होईना म्हणून जाणूनबुजून, नेमका तो जाड किंवा आखूड केस शोधून ओढतात. एकाच माणसात दोन्ही असू शकतं. हात तोच, केस तोच, आतलं कारण वेगळं.

आता 'थोडा जास्त' आणि 'सरासरीनं' या शब्दांचा हिशेब करू, कारण सगळी गफलत तिथेच होते. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवलं की स्वभावाच्या चाचणीतले गुण आणि माणसाचं एखाद्या प्रसंगातलं प्रत्यक्ष वागणं यांतला संबंध बहुतेक वेळा ०.३० च्या वर जात नाही. पूर्ण संबंध म्हणजे १, अजिबात नाही म्हणजे शून्य. ०.३० म्हणजे काय, ते असं समजा. गावात चोखंदळ स्वभावाची १०० माणसं आहेत आणि बेफिकीर १००. एवढा संबंध असेल तर चोखंदळांपैकी ६५ जण नखं खातील आणि बेफिकिरांपैकी ३५. फरक खरा आहे, संशोधकाला त्यातून काहीतरी कळतं. पण आता तुमच्यासमोर नखं खाणारा एक माणूस बसला आणि तुम्ही छातीठोकपणे म्हणालात 'चोखंदळ', तर अशा शंभर वेळांपैकी ३५ वेळा तुम्ही चुकाल. हे उदाहरण मी समजण्यासाठी घेतलं आहे, आणि संबंध अगदी ०.३० इतका धरून घेतला आहे.

मुलाखतीला आलेल्या उमेदवाराचा पाय हलतो म्हणून 'स्थिर नाही' असा शेरा मारणाऱ्यानं, किंवा पोहे घेऊन आलेल्या मुलीनं ओढणीचं टोक पिळलं म्हणून तिचा स्वभाव ठरवणाऱ्यानं, हा हिशेब एकदा करून बघावा. शिवाय त्या दोघांनाही त्या क्षणी ज्या खुर्चीवर बसवलेलं असतं ती खुर्ची साधी नसते.

चाळा नेमकं काय काम करतो, याचा एक धागा प्राण्यांमध्ये सापडतो. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यासक निको टिनबर्गन, ज्याला १९७३ साली नोबेल मिळालं, त्यानं झुंजणाऱ्या कोंबड्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. दोन कोंबडे समोरासमोर उभे, पिसं फुललेली, आता झेप घेणार. आणि मध्येच एक जण खाली मान घालून जमिनीवर टोच मारायला लागतो, जणू दाणे टिपतो आहे. दाणे तिथे नसतातही. हल्ला करावा की पळावं, दोन्ही ओढी सारख्या ताकदीच्या, म्हणून तिसरंच, बिनसंबंधाचं काम शरीर करू लागतं. डोकं खाजवत फळ्यासमोर उभा राहिलेला मुलगा मला आता वेगळा दिसतो.

माणसांवर ताण आणण्याची एक प्रमाणित पद्धत जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात बनली. अनोळखी, निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर भाषण करायचं आणि मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत मोठ्यानं सांगत जायचं. चुकलं की पहिल्यापासून. २०१३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अशा ताणाच्या परीक्षेत ज्या पुरुषांनी चेहरा खाजवणं, ओठ चावणं असे चाळे जास्त केले, त्यांना ताण कमी जाणवल्याचं दिसलं. स्त्रियांमध्ये हा संबंध दिसला नाही. एका अभ्यासावरून फार पुढे जाऊ नये, पण 'चाळे करतो म्हणजे त्याला जास्त टेन्शन' हे समीकरण उलटंही असू शकतं, एवढी शंका त्यातून नक्की येते. आणि २००९ साली ब्रिटनमध्ये जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला; ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवत बसलेल्यांना नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा २९ टक्के जास्त तपशील आठवले. हे वाचल्यापासून वहीच्या मागच्या पानावर नक्षी काढणाऱ्या मुलांना मी ओरडत नाही.

कधीकधी मामला मनाचा नसतोच. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मारिओ कपेकी यांच्या प्रयोगशाळेत २००२ साली एका जनुकात बिघाड केलेले उंदीर इतके स्वतःला चाटत-कुरतडत राहिले की त्यांचे केस गेले, जखमा झाल्या. २०१० साली तसाच बिघाड असलेल्या काही उंदरांना निरोगी उंदरांची अस्थिमज्जा दिली, तर बऱ्याच जणांचं ते वेड कमी झालं आणि केस परत आले. उंदरावरून थेट माणसावर उडी मारता येत नाही, पण मजेशीर भाग असा की तो बिघाड एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींपर्यंत पोचला होता. 'सवय' म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्याची मुळं कुठवर जाऊ शकतात ते बघा.

पायाचंही तसंच. विचारात असताना पाय हलणं ही एक गोष्ट. पण संध्याकाळी किंवा रात्री आडवं झाल्यावर पायात आतून शिवशिवतं, वळवळतं, हलवल्याशिवाय राहवत नाही आणि हलवलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, असं होत असेल तर तो वेगळा आजार आहे. स्वीडनच्या कार्ल-अॅक्सेल एकबॉम यांनी १९४५ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. शरीरात लोह कमी असणं हे त्याचं एक ठळक कारण, आणि गरोदरपणात तो पुष्कळदा दिसतो. दिवसभर राबून रात्री 'पायाला चैन नाही गं' म्हणणाऱ्या कितीतरी बायका आपल्या घरांत आहेत आणि त्यांना तेल चोळून झोपायला सांगितलं जातं. त्यांची रक्ततपासणी व्हायला हवी. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असलेल्या मुलांची चुळबुळ हीसुद्धा लक्षण म्हणून बघायची गोष्ट आहे, वांडपणा म्हणून नाही. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही माणसाला एका जागी बसवत नाही. अशा वेळी ते डॉक्टरांना सांगायचं असतं, औषध मनानं बंद करायचं नसतं.

सवय मोडण्याबद्दल. आपल्याकडे नखांना कडुनिंबाचा रस लावतात, कारलं लावतात, काही घरांत मिरचीसुद्धा. हातावर फटका तर ठरलेला. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या दोघांनी १९७३ साली वेगळी पद्धत मांडली. पहिल्या अभ्यासात बाराच माणसं होती, पण निकाल इतका ठसठशीत निघाला की आजही अशा सवयींच्या उपचारात तीच पायाभूत धरली जाते. पहिली पायरी म्हणजे हात उठतो कधी, हे माणसाला स्वतःला कळणं. हात तोंडाशी पोचल्यावर नाही. कोपर वाकतं तेव्हा, बोटाची पेरं नखाची खडबडीत कड चाचपतात तेव्हा. दुसरी पायरी, तेवढ्यात त्याच हाताला असं काम देणं की दोन्ही एकदम करता येणार नाही. मूठ आवळून एक ते तीन मिनिटं धरणं, पेन घट्ट पकडणं. तिसरी, घरातल्या एका माणसानं आठवण करायची, ओरडायचं नाही. नखाची कड कापून-घासून गुळगुळीत ठेवणं हेही कामाचं, कारण खडबडीत कड हाताला बोलावत असते.

ज्यांच्या डोक्यावर केस जाऊन चट्टे पडले आहेत, त्वचेवर जखमा भरत नाहीत, रोजचा कितीतरी वेळ यात जातो किंवा हात लपवून वावरावं लागतं, त्यांनी त्वचारोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही भेटावं. उपटलेले केस गिळण्याची सवय असेल तर थांबूच नये. पोटात केसांचा गोळा होऊन शस्त्रक्रिया करायची वेळ येऊ शकते. कुणाशी बोलावं हे सुचत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

त्या मुलीला मी दुसऱ्या सत्रात बाजूला बोलावलं आणि आधी माफी मागितली. मग तिला एक छोटी वही दिली. हात तोंडाकडे गेला की एक टिंब काढायचं, बाकी काही नाही, नखं सोडायचीही नाहीत. आठवड्यानं ती वही घेऊन आली. टिंबं नेटकी, ओळीत, तारीख आणि वेळ घातलेली, जशी तिची प्रत्येक गोष्ट असायची. सोमवारी गणिताची चाचणी होती. त्या तासापुढे टिंब एकच. रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळेपुढे तिनं एकतीस टिंबं काढली होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'लाइट नव्हती.'